शेजारच्या खोलीतली अर्थमंत्री: नायजेरिया आणि पॅरिस क्लब, २००५

पॅरिस क्लब ही खरं तर संस्थाच नाही. तिला सनद नाही, कायद्याच्या भाषेत अस्तित्व नाही. १९५६ साली अर्जेंटिनाला कर्ज फेडता येईना, तेव्हा धनको देशांचे अधिकारी पॅरिसमध्ये एकत्र बसले आणि बसायची ती सवय पुढे मोडली नाही, इतकंच. बैठक फ्रेंच अर्थ मंत्रालयात होते. ऋणको देशाचा मंत्री येतो, आपली परिस्थिती मांडतो, प्रश्नांना उत्तरं देतो. मग त्याला शेजारच्या खोलीत बसवतात. धनको आपापसांत बोलतात, आणि काही ठरलं की फ्रेंच अध्यक्ष उठून त्या दुसऱ्या खोलीत देकार सांगायला जातो. मंत्र्याला पटलं नाही तर अध्यक्ष उलट निरोप घेऊन परत येतो. या येरझाऱ्या रात्री उशिरापर्यंत चालू शकतात.

२० ऑक्टोबर २००५ ला झालेल्या बैठकीत ऋणकोच्या बाजूला नायजेरिया होता, आणि शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या अर्थमंत्री एन्गोझी ओकोन्जो-इवेआला. धनको १५ देश होते आणि कर्ज सुमारे ३० अब्ज डॉलर. त्यातले १८ अब्ज माफ करायचं ठरलं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत एवढी मोठी कर्जमाफी तोवर कुणाला मिळाली नव्हती.

राष्ट्राध्यक्ष ओलुसेगुन ओबासान्जो १९९९ पासून कर्जमाफीसाठी जगभर फिरत होते. पाच वर्षं सगळीकडून सहानुभूतीच मिळाली, आणि मग जेमतेम एका वर्षात काम झालं. नेमकं काय बदललं? नेहमीचं उत्तर असं, की तेल महागलं, ब्रिटनने जोर लावला आणि आफ्रिकेच्या कर्जमाफीवर गाजलेल्या, ब्रिटनमधल्या ग्लेनइगल्सला भरलेल्या श्रीमंत देशांच्या जी-८ परिषदेचं वर्ष होतं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण माझ्या मते त्यांच्याइतकंच महत्त्व त्या शेजारच्या खोलीत कोण बसलं होतं याला आहे. २१ वर्षं धनकोच्या घरात काढलेली बाई तिथे ऋणको म्हणून बसली होती.

आधीची २१ वर्षं

ओकोन्जो-इवेआला यांचा जन्म १९५४ चा, आजच्या डेल्टा राज्यातल्या ओग्वाशी-उकूचा. नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या बिआफ्राचं यादवी युद्ध त्यांनी किशोरवयात सोसलं. पुढे हार्वर्ड, १९८१ मध्ये एमआयटीची पीएचडी, आणि १९८२ मध्ये जागतिक बँकेत तरुण अधिकाऱ्यांसाठीच्या भरतीतून प्रवेश. तिथून पायरी पायरीने वर चढत त्या उपाध्यक्ष आणि कॉर्पोरेट सेक्रेटरी झाल्या. या शेवटच्या पदाकडे बाहेरच्या लोकांचं लक्ष जात नाही, कारण त्यात ना प्रकल्प असतात ना उद्घाटनं. संचालक मंडळ आणि व्यवस्थापन यांच्यामधला दुवा म्हणजे हे पद. कुठला प्रस्ताव मंडळापुढे कधी जातो, तो कुठे अडतो, कुठल्या देशाच्या प्रतिनिधीला आधी विश्वासात घ्यावं लागतं, हे सगळं तिथे रोजच्या कामातून अंगवळणी पडतं.

२००० साली ओबासान्जोंच्या बोलावण्यावरून त्या काही महिन्यांसाठी नायजेरियात आल्या. काम वरवर कारकुनी होतं: देश नेमकं किती देणं लागतो, ते शोधायचं. कर्जाच्या नोंदी अनेक खात्यांत विखुरलेल्या होत्या आणि एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नव्हता. धनको सांगेल तो आकडा खरा धरायचा, असा प्रकार. त्या वर्षी स्थापन झालेल्या कर्ज व्यवस्थापन कार्यालयाने एकेका धनकोबरोबर वह्या जुळवायला घेतल्या. या गोष्टीची बातमी कुणी केली नसेल, पण पुढच्या वाटाघाटीचा पाया हाच. समोरच्याने रक्कम सांगितल्यावर आपल्याला नुसती मान डोलवावी लागत असेल, तर सूट कशातून मागणार?

जुलै २००३ मध्ये, ओबासान्जोंच्या दुसऱ्या कारकिर्दीच्या सुरुवातीला, त्या अर्थमंत्री झाल्या. त्या पदावर आलेल्या पहिल्या स्त्री. पगारावरून लगेच वादंग उठला. परदेशातून तज्ज्ञ परत आणण्यासाठीच्या निधीतून त्यांना डॉलरमध्ये पगार मिळत होता आणि प्रकरण कोर्टात गेलं. कर्जबाजारी देशाच्या अर्थमंत्र्याला डॉलरमध्ये पगार, हा आरोप करायला अगदी सोपा होता. मला तो पोकळ वाटत नाही, पण या प्रकरणात तो मुख्यही नाही.

कर्ज कसं फुगलं

सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा वाहत होता. १९७८ मध्ये नायजेरियाने एक अब्ज डॉलरचं पहिलं मोठं कर्ज घेतलं. 'जम्बो लोन' हे त्याचं नाव तिकडे अजून चालतं. त्यानंतर राज्य सरकारं, महामंडळं, आयातदार सगळेच उधारीवर उतरले. पॅरिस क्लबच्या देण्यातला मोठा भाग निर्यातहमीचा होता, म्हणजे ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीतल्या कंपन्यांनी माल किंवा यंत्रसामग्री विकली आणि पैसे बुडाले तर भरून देण्याची हमी त्यांच्या सरकारांनी घेतली. यातले कित्येक प्रकल्प उभेच राहिले नाहीत.

ऐंशीच्या दशकात तेल कोसळलं आणि हप्ते थकले. १९८६, १९८९, १९९१ आणि २००० अशा चार वेळा पॅरिस क्लबने फेडीच्या तारखा पुढे ढकलल्या. ढकलल्या, कमी केल्या नाहीत, हे इथे महत्त्वाचं. लष्करी राजवटीत परतफेड जवळपास थांबली तेव्हा थकीत व्याज मुद्दलात मिळालं, त्यावर दंडव्याज चढलं आणि त्या दंडव्याजावर पुन्हा व्याज. आपल्याकडच्या जुन्या कायद्यात दामदुपटीची मर्यादा होती: व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. आंतरराष्ट्रीय कर्जात तसलं कुंपण नाही. ओबासान्जो जाहीरपणे सांगत, की १९८५-८६ पर्यंत आम्ही पाच अब्जांच्या आसपास घेतले, सोळा अब्ज फेडले, आणि तरी अठ्ठावीस अब्ज देणं आहेच. या आकड्यांवर वाद घालता येईल, पण त्यामागच्या त्राग्यावर नाही.

२००४ च्या सुमारास एकूण विदेशी कर्ज ३६ अब्ज डॉलरच्या घरात होतं आणि त्यातलं चार पंचमांशाहून जास्त पॅरिस क्लबचं. दरवर्षीचा हप्ता कागदावर तीन अब्जांच्या जवळपास. सरकार भरत होतं साधारण एक अब्ज. उरलेलं थकबाकीत जमा. भरत राहा आणि तरी बुडत राहा.

अन्यायाची भाषा का चालली नाही

धनकोंचं उत्तर ठरलेलं होतं: तुमच्याकडे तेल आहे, विका आणि फेडा. दुसरं उत्तर ते तोंडावर देत नसत, पण सगळ्यांना ठाऊक होतं. २००३ च्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचारविषयक यादीत नायजेरिया १३३ देशांमध्ये १३२ वा होता. अशा देशाचं कर्ज माफ केलं तर वाचलेला पैसा जाईल कुठे, हे स्वतःच्या करदात्यांना सांगणं कुठल्याही अर्थमंत्र्याला जड गेलं असतं. अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठी १९९६ मध्ये सुरू झालेल्या योजनेतही नायजेरियाची वर्णी लागली नाही.

मग पर्याय काय होते? एक, आहे तसं चालू ठेवणं. दोन, सरळ फेड बंद करणं. मार्च २००५ मध्ये नायजेरियाच्या संसदेच्या प्रतिनिधिगृहाने तसा ठरावच केला. लोकांना तो आवडला, आणि ओकोन्जो-इवेआलांनी तो वाटाघाटीत मोठ्या खुबीने वापरला असावा असं मला वाटतं: बघा, घरात माझ्यावर दबाव किती आहे! पण प्रत्यक्षात फेड थांबवली असती तर निर्यातहमी, व्यापारी पत, हमीवरची आयात, सगळंच गोठलं असतं. तिसरा पर्याय इराकने दाखवून दिला होता. नोव्हेंबर २००४ मध्ये पॅरिस क्लबने इराकचं ८० टक्के कर्ज माफ केलं. इराककडे तेल नव्हतं असं कोण म्हणेल? अडचण एकच: इराकच्या पाठीशी अमेरिका जातीने उभी होती.

रकाना

या प्रकरणाची खरी किल्ली इथे आहे, आणि ती वाचायला कंटाळवाणी आहे.

पॅरिस क्लब माफी मनाला येईल तशी देत नाही. ठरलेल्या अटींचे संच असतात. त्यातल्या 'नेपल्स अटी'खाली ६७ टक्के कर्ज माफ होऊ शकतं. मात्र त्यासाठी देश खूप गरीब आणि खूप कर्जबाजारी असावा लागतो, आणि व्यवहारात त्याची पहिली खूण अशी, की तो जागतिक बँकेच्या यादीत 'फक्त आयडीए' या रकान्यात आहे का. आयडीए ही बँकेची अतिसवलतीत कर्ज देणारी शाखा. जो देश बाजारभावाने कर्ज फेडू शकेल असं बँकेला वाटतं, तो आयडीएबरोबर बँकेच्या मुख्य खिडकीवरूनही कर्ज घेऊ शकतो आणि 'मिश्र' रकान्यात जातो.

नायजेरिया 'मिश्र' रकान्यात होता. तेव्हाच्या आकडेवारीनुसार दरडोई वार्षिक उत्पन्न ४०० डॉलरच्या आत, मुख्य खिडकीवरून नवं कर्ज कित्येक वर्षांत मिळालेलं नाही, तरीही कागदावर पतवान. जुन्या वैभवाची पाटी दारावर राहून गेली होती आणि त्या पाटीमुळेच वसुलीदार दार सोडत नव्हता. वॉशिंग्टनच्या सेंटर फॉर ग्लोबल डेव्हलपमेंट या अभ्याससंस्थेने २००४ मध्ये हा दुटप्पीपणा आकड्यांनिशी मांडला आणि जुनं कर्ज सवलतीत विकत घेऊन संपवण्याची कल्पनाही पुढे आणली.

नैतिक युक्तिवादाने धनकोला अपराधी वाटवता येतं. त्याच्या सहीचा अधिकार मात्र त्याने बदलत नाही. समोरच्या टेबलावरच्या अधिकाऱ्याला त्याच्या मंत्रालयात परत जाऊन सांगता आलं पाहिजे, की आपण नियम मोडला नाही, आपल्याच नियमात हे बसतं. संस्थेच्या आत अर्धं आयुष्य काढलेल्या माणसालाच हे इतक्या सहज कळतं. अर्थमंत्र्यांच्या पथकाने मागणीचं तोंड फिरवलं: आम्हाला दया नको, आमचं वर्गीकरण तपासा. २००५ मध्ये जागतिक बँकेने नायजेरियाला 'फक्त आयडीए' रकान्यात घातलं. वर्तमानपत्रांत त्याला कोपरा मिळाला असेल. माझ्या हिशेबी त्या दिवशी कुलूप उघडलं.

शिक्का हवा, पैसे नकोत

दुसरी अट अजून अवघड होती. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कार्यक्रम चालू असल्याशिवाय पॅरिस क्लब बोलणी करत नाही. आणि नायजेरियात नाणेनिधीचं नाव काढणं म्हणजे पोळ्यावर दगड मारणं. १९८५ मध्ये नाणेनिधीचं कर्ज घ्यावं का यावर देशभर जाहीर चर्चा झाली होती आणि लोकांनी ठाम नकार दिला होता. पुढच्याच वर्षी लष्करी सरकारने तसाच कडक कार्यक्रम 'स्वदेशी' म्हणून लादला. ती आठवण वीस वर्षांनीही ताजी होती. शिवाय तेल महागल्यामुळे पैशांची गरजही नव्हती. गरज होती ती फक्त तपासून दिलेल्या प्रशस्तिपत्राची.

इथे नाणेनिधीच्या नव्या साधनाचा उपयोग झाला: 'पॉलिसी सपोर्ट इन्स्ट्रुमेंट'. यात देश स्वतःचा कार्यक्रम लिहितो, नाणेनिधी तो कर्ज कार्यक्रमाइतकाच काटेकोर तपासते, पण एक डॉलरही देत नाही. नायजेरिया हा त्याचा पहिला ग्राहक. मंजुरीची तारीख १७ ऑक्टोबर २००५, पॅरिसच्या बैठकीच्या तीन दिवस आधी.

पान भरून आकडे

पण स्वतःचा कार्यक्रम लिहायचा तर घरात काहीतरी घडलेलं दिसावं लागतं. अर्थसंकल्प तेलाच्या बाजारभावावर न बेतता आधी ठरवलेल्या खालच्या भावावर बेतायचा, असा नियम केला. २००४ साठी हा भाव पिंपाला २५ डॉलर धरला होता, पुढच्या वर्षी ३०. बाजारात त्याहून जास्त मिळालं की फरक वेगळ्या खात्यात. हे 'एक्सेस क्रूड' खातं राज्यांच्या निवडून आलेल्या राज्यपालांच्या डोळ्यांत सलत असे, कारण तेलाच्या पैशात घटनेने त्यांचा वाटा ठरवून दिलेला. याच शिस्तीमुळे २००५ अखेर परकीय चलनाची गंगाजळी २८ अब्ज डॉलरच्या आसपास गेली. २००३ मध्ये ती त्याच्या जेमतेम चौथाई होती.

मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट मात्र वेगळी. जानेवारी २००४ पासून अर्थ मंत्रालयाने केंद्राला, ३६ राज्यांना आणि ७७४ स्थानिक सरकारांना दर महिन्याला किती पैसे दिले, ते वर्तमानपत्रात छापायला सुरुवात केली. जाहिरातीसारखं पान, बारीक टाइप, नाव आणि रक्कम, नाव आणि रक्कम. लोक आपल्या जिल्ह्याची ओळ बोटाने शोधत. शाळेला छप्पर नाही म्हणून आजवर 'वरून पैसे येत नाहीत' हे उत्तर चालत होतं. आता आलेल्या पैशांचा आकडा हातात होता. ओकोन्जो-इवेआलांना 'ओकोन्जो-वहाला' हे टोपणनाव मिळालं. तिकडे वहाला म्हणजे कटकट, त्रास. हे नाव त्या स्वतःच मजेने सांगत.

सगळं श्रेय एकटीला देणं मात्र चूक. चार्ल्स सोलुडो मध्यवर्ती बँकेत बँकांची संख्या ८९ वरून २५ वर आणत होते, ओबी एझेक्वेसिली सरकारी खरेदी साफ करत होत्या, नुहू रिबाडू भ्रष्टाचाराच्या मागे होते आणि २००५ मध्ये देशाचा माजी पोलीस प्रमुखच दोषी ठरला. या पथकाला राजकीय कवच दिलं ओबासान्जोंनी. त्यांनी ते काढून घेतलं तेव्हा काय झालं, ते पुढे येतंच.

हिशेब

करार दोन टप्प्यांत झाला. सुमारे ३० अब्जांपैकी ६.३ अब्ज डॉलर थकबाकी होती, ती आधी रोख भरायची. या करारात थकबाकीवर माफी नव्हती. उरलेल्या पात्र कर्जातले ३३ टक्के लगेच माफ. नाणेनिधीचा पहिला आढावा पार पडला की आणखी ३४ टक्के, म्हणजे नेपल्सचे ६७ पूर्ण. त्यानंतर जे उरेल ते हप्त्यांनी न फेडता सवलतीच्या भावात एकरकमी विकत घ्यायचं. थकबाकी सोडून भरायची रक्कम ६.१ अब्ज. एकूण १२.४ अब्ज रोख, १८ अब्ज माफ, म्हणजे साधारण ६० टक्के सूट. बँकांच्या भाषेत ही एकरकमी तडजोडच, फक्त कर्जदार एक आख्खा देश. शेवटची रक्कम २१ एप्रिल २००६ ला गेली आणि पॅरिस क्लबचं खातं शून्यावर आलं. त्याआधी, २००६ च्या सुरुवातीलाच, नायजेरियाला पहिल्यांदा फिच आणि स्टँडर्ड अँड पुअर्सचं पतमानांकन मिळालं होतं: बीबी उणे.

या करारावरचा सर्वांत बळकट आक्षेप इथेच आहे. बहुसंख्य लोक गरिबीत असताना १२.४ अब्ज डॉलर रोख सहा महिन्यांत श्रीमंत देशांच्या तिजोऱ्यांत ओतले. ज्या कर्जातला मोठा वाटा दंडव्याजाचा, ज्यातले प्रकल्प उभेच राहिले नाहीत आणि ज्याच्यावर लष्करशहांच्या सह्या होत्या, ते कर्ज फेडायचंच का? ब्रिटन सर्वांत मोठा धनको, म्हणजे या पैशातला मोठा वाटा लंडनला, आणि तोही त्यांच्या आफ्रिकाप्रेमाच्या वर्षात! मला हा राग रास्त वाटतो. तरीही मी अर्थमंत्र्यांच्या बाजूचा आहे, आणि कारण नायजेरियाच्या स्वभावात आहे. एक्सेस क्रूड खात्यातला पैसा तसाच राहिला असता तर तो शाळांवर गेला असता, असं धरायला काही आधार नाही. पुढच्या काही वर्षांत ते खातं कसं रिकामं झालं, हे सगळ्यांनी पाहिलं. पैसा होता, तेल चढं होतं, धनको ऐकायला तयार होते. या तिन्ही गोष्टी पुन्हा एकत्र आल्या नसत्या. वाचणाऱ्या वार्षिक अब्जावर अर्थसंकल्पात खुणेचा शिक्का मारून तो आरोग्य, शिक्षण, पाण्याकडे वळवायची सोयही केली होती, आणि तिच्यावर बाहेरून देखरेख होती.

नंतर

एप्रिलमध्ये शेवटचा हप्ता गेला. जूनमध्ये ओबासान्जोंनी ओकोन्जो-इवेआलांना अर्थ खात्यावरून परराष्ट्र खात्यात हलवलं. अर्थविषयक पथकाचं नेतृत्व काढून घेतल्यावर ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा दिला. विजयानंतर दीड-दोन महिन्यांत उचलबांगडी, याचं मला नवल वाटत नाही. काम होईपर्यंत वहाला सोसवते. काम झालं की तिचा आवाजच तेवढा ऐकू येतो.

२००७ च्या डिसेंबरमध्ये त्या जागतिक बँकेत व्यवस्थापकीय संचालक म्हणून परतल्या, पुन्हा धनकोच्या घरात. तिथे त्यांनी आयडीएसाठी दात्या देशांकडून निधी उभारण्याचं काम पाहिलं. २०१० च्या फेरीत ४९.३ अब्ज डॉलरची आश्वासनं मिळाली. ज्या रकान्यात देशाला घालण्यासाठी त्यांनी खटपट केली होती, त्याच रकान्याची तिजोरी आता त्या भरत होत्या. २०११ मध्ये पुन्हा नायजेरियाच्या अर्थमंत्री झाल्या, २०१२ मध्ये जागतिक बँकेच्या अध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या आणि अमेरिकेचे उमेदवार जिम योंग किम यांच्याकडून हरल्या. मार्च २०२१ पासून त्या जागतिक व्यापार संघटनेच्या महासंचालक आहेत.

नायजेरियाचं विदेशी कर्ज २०२३ अखेर ४२.५ अब्ज डॉलर होतं, म्हणजे २००४ पेक्षाही जास्त. त्यातलं निम्म्याच्या जवळपास जागतिक बँकेसारख्या बहुपक्षीय संस्थांचं, जे पॅरिस क्लबच्या कक्षेत येतच नाही. एक तृतीयांशाहून जास्त युरोबाँडचं, म्हणजे परदेशी बाजारात विकलेल्या डॉलरमधल्या रोख्यांचं. चीनही मोठा धनको आहे आणि तो क्लबचा सदस्य नाही. पॅरिसमधल्या त्या दोन खोल्या आहेत तशाच आहेत. पण उद्या बोलणी करायची वेळ आली तर मोठ्या खोलीत बसायला हवेत असे बहुतेक धनको तिथे यायला बांधील नाहीत.